कार्डांची भिशी: सुरुवात पाकिटापासून

भिशीत दर महिन्याला पैसे गोळा होतात, तशीच हाताने केलेली कार्डं गोळा करता येतात. आठ जणांचा गट असेल तर प्रत्येकाने एकाच नमुन्याची कार्डं करायची आणि ठरलेल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या घरी जमून वाटायची. सात कार्डं देऊन सात वेगवेगळी घरी न्यायची. मोजताना मात्र नऊ धरा: सात इतरांची, एक स्वतःकडे नमुना म्हणून आणि एक बिघडेल ते. ते एक बिघडतंच.

दिवाळीसाठी धाग्याने शिवलेल्या चक्राचं कार्ड इथे घेतलं आहे. दिसायला भरगच्च, पण टाका एकच आणि तोच पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा गटात आलेल्यांनाही जमतं, आणि नऊच्या नऊ कार्डं सारखी येतात. भिशीत खरी कसोटी त्या सारखेपणाचीच असते.

आधी पाकीट

बहुतेक जण आधी कार्ड करतात आणि मग त्याला बसेल असं पाकीट शोधत फिरतात. हे उलटं करा. बाजारात सहज मिळणारं सी-६ पाकीट ११४ × १६२ मिलीमीटरचं असतं. त्यात ए-६, म्हणजे १०५ × १४८ मिलीमीटरचं कार्ड आरामात जातं आणि शिवणीच्या जाडीलाही जागा उरते. पाकिटं आधी हातात घ्या, मोजा, मगच कागद कापा. पाकिटावर छापलेल्या मापावर विसंबू नका, काही गठ्ठ्यांत तीन-चार मिलीमीटरचा फरक निघतो.

कागद, धागा, टेप सगळं एका फेरीत आणायचं तर क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट सोयीची. धागा आणि सुया दादरलाही मिळतात. यादी अशी: घडीच्या कार्डासाठी २५० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए-४ कागद ५, शिवायच्या पट्टीसाठी (शिवून झाल्यावर ही कार्डाच्या पुढच्या बाजूवर चिकटवायची) गडद रंगाचे २२० जीएसएमचे ए-४ कागद ३, पणतीसाठी गेरू रंगाचा आणि पिवळा कागद थोडा, भरतकामाच्या सहापदरी धाग्याची एक लडी, ६ मिलीमीटरची डबल साइड टेप, ग्लू स्टिक, बारीक भरतकामाची सुई, पुशपिन आणि पाकिटं १०.

ए-४ कागद गुंडाळी करून आणू नका. लोकलच्या गर्दीत गुंडाळी दबते आणि तिचा बाक नंतर आठवडाभर वजनाखाली ठेवूनही पूर्ण जात नाही. घरून निघतानाच ए-४ची फाईल आणि दोन पुठ्ठे बरोबर घ्या.

पट्टीसाठी हातकागद मिळाला तर जरूर घ्या. १९४० साली सुरू झालेल्या पुण्याच्या हातकागद संस्थेमुळे मराठी घरांना हा कागद नवा नाही. साच्यावर हाताने उचललेला असल्यामुळे त्यातले तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, म्हणून भोकांच्या रांगेतून तो सहसा फाटत नाही. घडीच्या कार्डाला मात्र तो घेऊ नये, घडी खरखरीत येते.

कापणं आणि घडी

२५० जीएसएमचा ए-४ कागद २९७ मिलीमीटरच्या बाजूवर मधोमध कापला की २१० × १४८.५ मिलीमीटरचे दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा १०५ वर दुमडला की झालं कार्ड. पाच कागदांत दहा निघतात. पट्ट्या ९५ × १३८ मिलीमीटरच्या, एका ए-४ मध्ये चार. कार्डावर बसवल्यावर चारही बाजूंना ५ मिलीमीटरची किनार उरते.

घडी नीट न येण्याचं कारण जवळजवळ नेहमी तंतूंची दिशा असते. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो मऊपणे वळतो त्या बाजूची घडी सरळ येते, दुसऱ्या बाजूची तडकते आणि गडद रंगाच्या कागदात पांढरी रेघ दिसते. पाचही कागद एकाच गठ्ठ्यातले घ्या, म्हणजे हे एकदाच तपासावं लागतं.

दुमडण्याआधी स्टीलची पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने १०५ वर रेघ दाबून घ्या. रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूने दाबायची आणि खाच बाहेर राहील असं दुमडायचं. आत उमटलेला उंचवटा घडीच्या पोटात बसतो. पुष्कळ जण खाच आत घेऊन दुमडतात, त्याने बाहेरचा थर ताणला जाऊन फुटतो.

चोवीस भोकं

आलेख कागदावर ९५ × १३८ चा चौकोन काढा. वरून ५२ मिलीमीटरवर आणि रुंदीच्या मधोमध केंद्र धरून ३५ मिलीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. कोनमापकाने दर १५ अंशांवर ठिपका द्या, एकूण २४ होतील. घड्याळाच्या दिशेने १ ते २४ आकडे घाला. शेजारच्या ठिपक्यांत साधारण ९ मिलीमीटर अंतर पडतं, ते चांगलं. भोकं ३ मिलीमीटरपेक्षा जवळ आली तर कागद टपालाच्या तिकिटासारखा फाटतो.

हा आलेख पट्टीच्या पुढच्या बाजूवर ठेवून कडांना क्लिप लावा. खाली थर्माकोल किंवा चार पदरी टॉवेल घ्या आणि पुशपिन सरळ उभी धरून टोचा. तिरकी टोचली की मागचं भोक सरकतं आणि वर्तुळ वेडंवाकडं दिसतं. पुढून टोचल्यामुळे उचललेला कागद मागे जातो आणि पुढची बाजू स्वच्छ राहते. एका वेळी दोनच पट्ट्या टोचा. तिसऱ्या पट्टीत पिनचं फक्त टोक पोहोचतं, भोक अर्धवट राहतं आणि मग सुई जबरदस्तीने घालताना कागद चुरगळतो.

आता पट्टी उलटी करून मागच्या बाजूला पेन्सिलने भोकांचे आकडे लिहा. मागून बघताना ते घड्याळाच्या उलट दिशेने जातील. कंटाळा येतो म्हणून हे टाळलं जातं आणि निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात. सुई मागून वर काढताना पुढचे आकडे दिसत नाहीत.

टाका

लडीतला धागा सहापदरी असतो. त्यातले दोनच पदर घ्यायचे. एक मीटर तुकडा कापून पदर एकेक करून ओढा आणि मग दोन जुळवा. दोन्ही एकदम ओढले तर बाकीचा धागा गुंततो. ८ मीटरच्या लडीतून असा २४ मीटर दोनपदरी धागा मिळतो आणि एका कार्डाला दोन मीटर लागतो. म्हणजे एका लडीत नऊ कार्डं होऊन थोडा उरतो. दोन मीटरचा एकच तुकडा घेऊन शिवायचा मोह टाळा. इतक्या वेळा भोकातून गेल्यावर शेवटच्या टाक्यांत धागा पिंजारलेला दिसतो.

धाग्याला गाठ मारायची नाही. गाठीचा उंचवटा पट्टी चिकटवल्यावर पुढे उमटतो. ३ सेंटीमीटर शेपूट मागे ठेवून ती वर्तुळाच्या आतल्या बाजूला साध्या टेपने चिकटवा.

मग १ मधून सुई वर, ९ मधून खाली. मागून शेजारच्या १० मधून वर, २ मधून खाली. मागून ३ मधून वर, ११ मधून खाली. १२ मधून वर, ४ मधून खाली. पुढे ५ वरून १३, १४ वरून ६, असंच. लक्षात ठेवायला सोपं: पुढून आठ घरं, मागून एक घर. २४ नंतर पुन्हा १ येतो. बाराव्या लांब टाक्यात सुई २० मधून वर येऊन १२ मध्ये उतरते. तिथे पहिला तुकडा संपवून टेप लावा आणि नवा तुकडा १३ मधून वर काढा. शेवटचा टाका ८ मधून वर येऊन २४ मध्ये जातो.

झाल्यावर प्रत्येक भोकाजवळ बरोबर दोन धागे दिसले पाहिजेत. कुठे एक आणि कुठे तीन दिसले तर एक घर चुकलंय, तिथपर्यंत उसवा. चुकलेलं एक घर डोळ्याला लगेच खुपतं, कारण मधलं मोकळं वर्तुळ एका बाजूला चपटं होतं.

ताण हा या कार्डाचा प्राण. धागा नेहमी कागदाच्या समांतर ओढायचा, वर उचलून नाही. वर ओढला की भोक लांबट होतं आणि तिथून कागद फाटायला सुरुवात होते. धागा सपाट बसला पण कागद वाकला नाही, इतपतच ओढा. पट्टी वाटीसारखी वर येऊ लागली तर ताण जास्त झालाय, दोन टाके मागे जाऊन सैल करा. चकचकीत जरीचा धागा पहिल्या खेपेला घेऊच नये. त्याचं वेष्टण भोकाच्या कडेला घासून निघतं आणि आतला पांढरा पदर उघडा पडतो. गडद जांभळ्या किंवा डाळिंबी पट्टीवर हळदी रंगाचा सुती धागा दिव्याच्या उजेडात पुरेसा उठून दिसतो.

मध्ये साधारण ३५ मिलीमीटर व्यासाची मोकळी जागा उरते. तिथे पणती. गेरू कागदाचं २२ मिलीमीटरचं वर्तुळ मधोमध कापलं की दोन पणत्या होतात. ज्योत पिवळ्या कागदाची, १० मिलीमीटर उंच. ग्लू स्टिकने चिकटवा, फेव्हिकॉल नको. त्यातल्या पाण्याने पातळ कागद सुरकुततो आणि जरा जास्त लागला तर धाग्यावर चढून कडक डाग पडतो. चमकी टाळलेलीच बरी, ती पाकिटात गळते आणि घेणाऱ्याच्या फरशीवर महिनाभर सापडत राहते.

पट्टी कार्डावर बसवताना डबल साइड टेप चारही कडांना आणि वर्तुळाच्या खाली आडव्या दोन ओळींत लावा. धाग्यांवर टेप येऊ देऊ नका, तिथे ती धड चिकटत नाही आणि फुगवटा मात्र दिसतो. वरच्या कडेचाच कागद आधी सोलून ती कड जुळवा, मग बाकीचे सोला. चारही एकदम सोलले की पट्टी तिरकी बसते आणि निघत नाही.

मुंबईची हवा

दिवाळीची कार्डं करायची म्हणजे कागद पावसाळ्याच्या शेवटी घरात येतो. दमट हवेत कागद पाणी शोषतो, मऊ पडतो, भोकं फाटतात आणि टेपची पकड ढिली होते. कागद फुगतो तोही तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. म्हणून पट्टी आणि कार्ड यांची दिशा वेगळी असली की चिकटवल्यावर दोन दिवसांत कार्ड पापडासारखं वळतं. पट्टी उभी कापताना तिचे तंतूही उभेच, घडीला समांतर राहतील असं बघा.

कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. काम सुरू करण्याआधी तासभर पंख्याखाली मोकळे पसरा. हात पुसायला जवळ सुती फडकं हवंच, कारण ओल्या बोटांनी गडद कागदाचा रंग फिकट धाग्यावर लागतो.

वाटणीचा दिवस

तंत्र आणि माप सगळ्यांचं एक, रंग ज्याचे त्याचे. एवढा एकच नियम कडक ठेवा. आतली बाजू कोरी सोडा, म्हणजे मिळालेलं कार्ड पुढे कुणाला देता येतं. स्वतःचं नाव, महिना आणि धाग्याचा रंग कार्डाच्या पाठीवर खाली बारीक अक्षरात. पाकिटं उघडी ठेवूनच आणा. सगळी कार्डं आधी टेबलावर मांडून बघायची आणि मग वाटायची. नवख्या माणसाचं कार्ड तिरकं असेल तर तिथे सगळ्यांसमोर बोट ठेवू नये. ताण कसा धरायचा हे शेजारी बसून एकदा करून दाखवलं की पुढच्या महिन्यात कार्ड सुधारलेलं येतं.

ज्यांना येता येत नाही त्यांना टपालाने पाठवा. पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. या कार्डात घडीचा कागद सुमारे ८ ग्रॅम, पट्टी ३, पाकीट ४ ते ५, धागा-टेप धरून एकूण १६-१७ ग्रॅम होतात. आत ८० जीएसएमचं पान घातलं तरी चालतं. फोम टेप किंवा काचेचे मणी लावले की २० ओलांडायला वेळ लागत नाही, आणि मणी वाटेत दबून पाकीट आतून फाडतात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक कार्ड तोलून घ्या.

पत्त्यात पिन कोड विसरू नका. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्याने घडवलेली ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू आहे. मुंबईत सगळ्यांचे पहिले तीन आकडे ४०० असल्यामुळे घोटाळा शेवटच्या तिनांत होतो, ते विचारूनच लिहा. पत्ता बॉलपेनने आणि कार्ड आत घालण्याआधी लिहायचा, नाहीतर अक्षरांचा दाब शिवणीवर उमटतो.

टोचायचा आलेख फेकू नका. पुढच्या महिन्याच्या यजमानांकडे तो उरलेल्या धाग्यासह एका पाकिटात घालून द्या, कारण त्याच चोवीस भोकांत पुढून आठऐवजी दहा घरं धरली तर मधली मोकळी जागा लहान होते आणि संक्रांतीच्या कार्डाला वेगळं चक्र तयार मिळतं.