दशपर्णी अर्क करायचाय? आधी गाळायचं फडकं शोधा

दशपर्णी अर्क म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेलं, किडीवर फवारायचं घरगुती औषध. त्यासाठी जुनी सुती साडी किंवा धोतर बाजूला काढून ठेवा. पाला नंतर. महिनाभर ड्रम ढवळायचा आणि ऐन फवारणीच्या दिवशी घरात गाळायला धड कापड नाही, हे मागच्या खेपेला आमच्याकडे झालंय. चहाच्या गाळणीने भागत नाही.

ड्रम 200 लिटरचा, प्लास्टिकचा, सावलीत. त्यात पाणी, शेण, गोमूत्र. कडुनिंबाचा पाला 5 किलो. निरगुडी, करंज, सीताफळ, एरंड, पपई, रुई, घाणेरी, गुळवेल, कण्हेर दोन-दोन किलो. वरून हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लसूण. द्राक्षपट्ट्यात बांधावर सगळंच मिळत नाही. एखादा पाला नसला तर अडत नाही, कडुनिंब मात्र हवाच. चिरताना हातमोजे घाला, रुईचा चीक डोळ्यात गेला तर आग होते. उरलेली कण्हेर गोठ्याकडे फेकू नका, जनावर दगावेल. झाकण गच्च नको, आत वायू धरतो, गोणपाट बांधा. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, 30 दिवस.

आता गाळणं. कापड दुहेरी, आणि गाळायचं दोनदा: ड्रममधून काढताना एकदा, पंपात ओतताना परत. शेणातला चोथा, मिरचीचं बी... एक बी नोझलमध्ये बसलं की फवारा जाऊन नुसती पिचकारी उडते. मग पाठीवरचा पंप उतरवा, नोझल खोला. सवयीने तोंडाने फुंकाल, तर नका फुंकू! आत कण्हेर आहे. जुना टूथब्रश खिशात ठेवा. गाळलंत? परत एकदा गाळा.

15 लिटरच्या पंपाला अर्धा लिटर अर्क. आधी चार रोपांवर मारून दोन दिवस बघा, पात करपते का. कांद्याचे फुलकिडे पातीच्या बेचक्यात दडतात आणि पात मेणचट, थेंब ठरत नाही. म्हणून थोडं साबणाचं किंवा रिठ्याचं पाणी घाला. संध्याकाळीच मारा, कडुनिंबाचा गुण उन्हात टिकत नाही. पात पांढरी पडल्यावर मग धावाधाव करून उपयोग नाही, कीड दिसू लागली की लगेच.

द्राक्षाला मणी भरल्यावर नको, मण्यावरची पांढरट लव जाते, डाग पडतात. बोर्डोत (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणात) मिसळू नका. वारा असेल तर थांबा. पंप धुवा. उरलेला अर्क कॅनमध्ये भरताना, हो, तेव्हाही कापडातूनच.