सुरुंग न लावता कातळ फोडायचा तर

बाबा चांदिवलीच्या खाणीत सुरुंग लावायचे. मी त्याच पट्ट्यात इमारतींचे पाये खणतो, पण शेजारी सात-आठ फुटांवर जुनी चाळ उभी असताना सुरुंगाचं नाव काढायची सोय नाही. ब्रेकर दिवसभर धडधडला की वरच्या मजल्यावरच्या आजी खाली उतरतात. म्हणून क्रॅकिंग पावडर.

ही पावडर म्हणजे मुख्यतः खास भाजलेला कळीचा चुना. पाणी लागलं की फुगते आणि भोकाच्या भिंतीवर चौरस सेंटिमीटरला 300 किलोहून जास्त दाब देते. बाबा म्हणायचे, दगड दाबून फुटत नाही, ताणून फुटतो. सगळी गोम तीच.

म्हणून आधी मोकळी बाजू करा. चारही बाजूंनी कातळ अखंड असेल तर पावडर ढकलणार कुठे? ब्रेकरने एक चर काढा, मग चराला समांतर भोकांची रांग मारा. मी 38 मिलिमीटरचा बिट वापरतो, आपल्या काळ्या पाषाणात फूटभर अंतर ठेवतो. भोक 50 मिलिमीटरपेक्षा रुंद करू नका. भोकातला चुरा हवेने उडवा. पावसाळ्यात भोकात पाणी झिरपतं, तिथे आधी प्लास्टिकची नळी सोडा.

पाच किलोच्या पिशवीला दीड लिटर गार पाणी. बादलीत आधी पाणी, मग पावडर, गुठळी राहू न देता. पाच मिनिटांत भोकात गेलं पाहिजे.

पिशवीवरचं तापमान वाचा. उन्हाळी आणि थंडीची पावडर वेगळी असते. एकदा एप्रिलमध्ये दुकानदाराने थंडीची गळ्यात मारली, मीही न वाचता भर दुपारी भरली. अर्ध्या तासात एका भोकातून फटकन पांढरी पिचकारी उडाली, ती थेट वरच्या ताडपत्रीला भोक पाडून गेली. पोरं जेवायला गेली होती म्हणून वाचलो. आता संध्याकाळी पाचनंतर, कातळ हाताला गार लागला की भरतो. गॉगल आणि रबरी हातमोजे सगळ्यांना. वर गोणपाट टाकायचं आणि भोकात कुणी डोकावायचं नाही, मालक आला तरी. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि थेट डॉक्टर गाठा.

सकाळी केसाएवढी रेघ दिसते. तीत थोडं पाणी सोडलं की दुपारपर्यंत बोट जातं, मग पोकलेन.

सुरुंगापेक्षा हे महाग आणि सावकाश. खडी काढणाऱ्या खाणीला परवडणार नाही. ग्रॅनाइटचा अखंड ठोकळा हवा असेल तिथे मात्र खाणवालेही हेच वापरतात.

उघडी पिशवी उद्यासाठी ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत ती रात्रीतून मरते.