थॉमसन द्राक्षावर जीए: फवारणीपासून डिपिंगपर्यंत

द्राक्षाचा मणी फुगवणारे जिबरेलिन हे संजीवक, म्हणजे वाढीवर परिणाम करणारे द्रव्य, मुख्यतः त्याच्या बियांमध्ये तयार होते. थॉमसन सीडलेसमध्ये फळधारणा होते खरी, पण बीची वाढ सुरुवातीलाच खुंटते आणि मणी लहान राहतो; ही उणीव भरून काढण्यासाठी जिबरेलिक ॲसिड, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातले ‘जीए’, बाहेरून द्यावे लागते. बियांच्या वाणांवर हेच वेळापत्रक चालवू नये. जीए मण्याला आकार देते, साखर देत नाही. ती पानांनीच पुरवायची असते. म्हणून घडामागे १५ ते १६ निरोगी पाने नसतील, किंवा दीड चौरस फुटाला एक घड यापेक्षा अधिक माल वेलीवर ठेवला असेल, तर आधी घड कमी करावेत आणि मगच संजीवकांचा विचार करावा.

द्रावण तयार करताना होणारी चूक बहुधा पाण्यातली असते. आपल्याकडच्या विहिरी आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात जीएची शक्ती घटते. त्यामुळे ड्रममध्ये आधी सायट्रिक ॲसिड किंवा युरिया फॉस्फेट थोडे थोडे टाकून सामू (पीएच) ५.५ ते ६ पर्यंत आणावा, तो पट्टीने किंवा मीटरने तपासावा आणि त्यानंतरच जीए मिसळावे. जीएची भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही. ती थोड्या ॲसिटोनमध्ये पूर्ण विरघळवून घ्यावी, मात्र हे काम आगीपासून दूर करावे. हिशेब सोपा आहे: १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणून २०० लिटरच्या ड्रमला १० पीपीएमसाठी २ ग्रॅम, १५ साठी ३ ग्रॅम आणि २० साठी ४ ग्रॅम शुद्ध जीए लागते. पुडीवर शुद्धता ९० टक्के लिहिलेली असेल, तर त्या प्रमाणात वजन वाढवावे. हे वजन सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावरच करावे. चमच्याचा अंदाज इथे चालत नाही.

पहिली फवारणी १० पीपीएमची असते आणि ती घड पोपटी रंगाचा दिसू लागला की करावी. फळछाटणीनंतर साधारण २० दिवसांनी ही अवस्था येते. पण थंडी लवकर पडली तर फूट रेंगाळते आणि दिवस मोजून फवारणारा चुकतो, तेव्हा कॅलेंडरपेक्षा घडाकडे पाहावे. त्यानंतर चार-पाच दिवसांच्या अंतराने १५ आणि २० पीपीएमच्या फवारण्या येतात. घडाच्या पाकळ्या, म्हणजे त्याच्या लहान उपशाखा, सुट्या होऊन घड मोकळा व्हावा, एवढाच या फवारण्यांचा उद्देश आहे. घड हवा तेवढा लांबलेला दिसत असेल, तर तिसरी फवारणी सोडून द्यावी. ‘शेजाऱ्याने केली’ हे ती करण्याचे कारण नव्हे. फवारा घडांवरच धरावा, कारण जीएचा अतिरेक झाला तर पुढच्या हंगामातील घडनिर्मिती कमी होऊ शकते. द्रावण सावकाश वाळले तर अधिक शोषले जाते, म्हणून सकाळची किंवा संध्याकाळची वेळ निवडावी.

मणी बाजरीएवढा, म्हणजे ३ ते ४ मिलिमीटरचा झाला की पहिले डिपिंग ४० पीपीएमचे करावे. मजुराने प्रत्येक घड मगमधील द्रावणात पूर्ण बुडवून बाहेर काढावा आणि हलकेच झटकावा, म्हणजे टोकाला थेंब साचून तिथले मणी वेडेवाकडे वाढत नाहीत. दुसरे डिपिंग ६ ते ७ मिलिमीटरला ३० पीपीएमचे करतात आणि त्यात बरेच जण १ ते २ पीपीएम सीपीपीयू, म्हणजे मणी फुगवणारे आणखी एक संजीवक, मिसळतात. ०.१ टक्के सीपीपीयूची बाटली असेल तर लिटरला १ मिली म्हणजे १ पीपीएम होते. इथे मोह आवरावा लागतो, कारण सीपीपीयू जास्त झाले की साल जाड होते, मणी हिरवाच राहतो आणि साखर उशिरा भरते. जीएच्या अतिरेकाने देठ ताठर होऊन काढणीनंतर मणीगळ वाढते. दाटीचे घड मात्र कात्रीनेच विरळावेत, ते काम औषधावर सोपवू नये.

निर्यातीचा माल असेल तर संजीवकांच्या अवशेषांकडेही लक्ष हवे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सीसीसी’चे, अंश आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. ज्या बाटलीवर घटकाचे नाव आणि प्रमाण छापलेले नाही, ती ‘टॉनिक’ म्हणून कोणी कितीही भरवशाने दिली, तरी बागेत आणू नये.