पुणे ते मालवण, मुलांना घेऊन: कोणता थांबा कधी

पुण्याहून कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट या वाटेने मालवण सुमारे 380 किलोमीटर. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर चार दिवस ठेवा. बेत फसतो तो अंतरामुळे कमी, थांब्यांच्या क्रमामुळे जास्त. सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली मारायची बुडी) शेवटच्या सकाळी ठेवून दुपारी घाट चढायला लागणं.

पाण्याखाली दाबाची हवा श्वासात घेतली की शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. तेवढ्यात उंचावर गेलात तर हवेचा दाब घटून त्याचे बुडबुडे होऊ शकतात. परतीच्या वाटेवरची आंबोली जवळपास 690 मीटर उंच आहे. मालवणला पर्यटकांना देतात ती बुडी उथळ, त्यामुळे धोका कमी. तरी मधे एक रात्र जाऊ द्या. विमानाने परतणाऱ्यांनी 18 तास सोडावेत.

म्हणून पहिला दिवस कोल्हापूर. पहाटे निघालात तर दुपारी हायवेपासून जवळच असलेलं कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय होतं, संध्याकाळी अंबाबाई आणि रंकाळा. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो धरा. स्टेपनीची हवा हमखास विसरली जाते.

दुसऱ्या दिवशी राधानगरी धरण पाहून फोंडाघाट उजेडात उतरा. उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा ‘एल’. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पकड सुटते. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्या, वर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. मुलांना गाडी लागत असेल तर सकाळी तेलकट मिसळ नको, मोबाइल तर मुळीच नको. डॉक्टरांनी दिलेली गोळी घाट सुरू झाल्यावर नाही, त्यांनी सांगितलेल्या वेळी, आधीच द्या.

तिसरा दिवस पाण्याचा. सकाळी हलका नाश्ता करून दोनेक तासांनी स्कूबा. दहा वर्षांखालच्या मुलांना नको. सर्दी, कानदुखी, दमा असलेल्यांनीही टाळावं. कानावर दाब जाणवायच्या आतच नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. दुखायला लागल्यावर जोर लावाल तर पडद्याला इजा होते; खूण करून थोडं वर या. श्वास रोखून धरायचा नाही, वर येताना तर अजिबात नाही.

देवबागची त्सुनामी आयलंड भरती-ओहोटीवर चालते. ओहोटीला वाळू उघडी पडते, भरतीला तिथे पाणी चढतं. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा होडीवाल्याला आदल्या संध्याकाळीच विचारा. मुलाला लाइफ जॅकेट घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, बदलून मागा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे प्रवाह जोरदार असतो, पोहायला उतरू नका.

सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीने जावं लागतं. नेणारी होडीच ठरलेल्या वेळी परत आणते, म्हणून आधी शिवराजेश्वर मंदिर आणि महाराजांच्या हाता-पायाचे ठसे बघा, मग तटावर फिरा. 1664 साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात चहूबाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मुलांना त्या दाखवाच. पावसाळ्यात, साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट, होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. पाण्याखाली चांगलं दिसायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

गाडी पुळणीवर नेऊ नका. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू उकरा, हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली पायपुसणी घाला आणि सावकाश बाहेर या. रस्त्याला लागल्यावर लगेच हवा भरायची.

चौथ्या दिवशी सहाला निघून सावंतवाडी, आंबोली, आजरामार्गे परत. हिरण्यकेशीचा उगम तासाभरात होतो. आंबोलीचा धबधबा पावसाळ्यातला. जानेवारीत त्यासाठी वेळ राखू नका. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी घ्यायची असतील तर दुकानं उघडेपर्यंत ताटकळावं लागतं आणि पुण्याला रात्र होते. तसं असेल तर कोल्हापुरात आणखी एक मुक्काम धरा.