बंद पडलेल्या पेट्रोलपंपाखालचे भूजल कसे तपासावे : इंदूरच्या जमिनीचा विचार करून

पेट्रोलपंप बंद झाला, यंत्रे उचलली गेली आणि छप्पर उतरले की ती जागा मोकळी झाली असे समजले जाते. परंतु टाक्या आणि त्यांचे नळ जमिनीखाली तसेच राहिले असतील, किंवा ते काढताना खालची माती कोणी पाहिलीच नसेल, तर जुनी गळती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. जलूदहून नर्मदेचे पाणी येत असले तरी इंदूरच्या पुष्कळ वसाहती अजून बोरिंगच्या पाण्यावर अवलंबून आहेत. म्हणून अशा जागेवर बांधकाम करण्यापूर्वी, किंवा शेजारच्या बोरिंगला पेट्रोलचा वास येऊ लागताच, तपासणी केली पाहिजे. येथे तपासणीचा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण खाली काळा पाषाण असून घाईने घेतलेले एखादे खोल बोरिंगच वरचे प्रदूषण खालच्या पाण्यात उतरवू शकते.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. पंपाला पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा, म्हणजे पेसोचा, परवाना लागतो आणि त्यासाठी मंजूर झालेल्या नकाशात टाक्यांच्या जागा दाखवलेल्या असतात. साठ्याच्या जुन्या नोंदवह्या मिळाल्यास डिपने, म्हणजे टाकीत बुडवायच्या मापकाठीने, मोजलेला साठा आणि मीटरवरची विक्री यांतील तफावत महिनोन्‌महिने वाढत गेली होती का, ते पाहावे. जुन्या कामगारांशीही बोलावे. गळती नेहमी टाकीच्या तळातूनच होते असे नाही. नळांचे सांधे आणि टँकर रिकामा करण्याचे तोंड या जागाही तितक्याच संशयास्पद असतात. पंप २००० सालापूर्वी चालू असेल तर त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे असण्याचा संभव धरून शिशाचीही चाचणी करून घ्यावी.

यानंतर साधारण अर्ध्या किलोमीटरच्या परिसरातील बोरिंग, विहिरी आणि बावड्या नकाशावर मांडाव्यात. प्रत्येकीची खोली, पाण्याची पातळी, वास आणि बोरिंग असल्यास केसिंगची, म्हणजे भोकात बसवलेल्या आवरण-नळाची, लांबी लिहून घ्यावी. शहराचा साधारण उतार उत्तरेकडे आहे आणि खान नदीही त्याच दिशेने क्षिप्रेकडे जाते, पण तेवढ्यावरून भूजलाची दिशा गृहीत धरू नये. माळव्यातील काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली झिजलेला पाषाण आणि मग अखंड कठीण पाषाण असे थर असतात, आणि या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांतून आणि दोन लाव्हाथरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांतून वाहते. त्यामुळे पंपालगतची विहीर स्वच्छ आणि दूरचे बोरिंग दूषित, असेही घडू शकते. म्हणून जवळच्या एका विहिरीचा निर्दोष अहवाल पाहून तपासणी थांबवणे मला धोक्याचे वाटते.

प्रत्यक्ष खोदकाम उथळ ठेवावे. आधी भूमिगत वीजवाहिन्या आणि नळ शोधून टाकीभोवतीची माती हाताच्या गिरमिटाने काढावी आणि बाष्पमापकाने तपासावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि हवेत सुमारे १.४ टक्के झाली तरी पेट घेते. म्हणून जुन्या टाकीत, खड्ड्यात किंवा विहिरीत कोणालाही उतरू देऊ नये. त्यानंतर किमान तीन निरीक्षण विहिरी घ्याव्यात. त्या एका रेषेत नसाव्यात, म्हणजे पाण्याच्या पातळ्यांवरून प्रवाहाची दिशा काढता येते, आणि त्यांतील एक प्रवाहाच्या वरच्या बाजूला यावी. इंधन पाण्यावर तरंगते, म्हणून छिद्रांचा नळ उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यानंतरच्या अशा दोन्ही पातळ्या झाकणारा असावा. खोल जाणे अटळच झाले, तर वरच्या दूषित भागात केसिंग बसवून तिच्याभोवती सिमेंट व बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) भरावे, ते पक्के झाल्यावरच पुढे खोदावे.

नमुना घेण्यापूर्वी विहिरीत तरंगणाऱ्या इंधनाचा थर आहे का, ते तेल-पाणी मापकाने पाहावे. थर असेल तर त्याची जाडी नोंदवावी. तेथील पाण्याच्या नमुन्यावरून विरघळलेल्या द्रव्यांचा अंदाज बांधू नये. थर नसेल तर पाणी हळूहळू उपसत राहावे आणि सामू, विद्युतवाहकता व विरघळलेला प्राणवायू स्थिर झाल्यावर नमुना घ्यावा. येथे हलगर्जी झाली तर आधीची सारी मेहनत वाया जाते : पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून नेलेल्या नमुन्यातील बेंझीन प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच उडून गेलेले असते. आम्ल घातलेल्या ४० मिलीलिटरच्या काचेच्या कुप्या हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भराव्यात, बर्फात ४ अंश सेल्सियसजवळ ठेवाव्यात आणि १४ दिवसांच्या आत तपासून घ्याव्यात. सोबत शुद्ध पाण्याची एक कुपी न उघडता नेऊन आणावी, म्हणजे वाटेत दूषितता शिरली का ते कळते.

बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन आणि एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एक द्रव्य) यांची चाचणी सांगावी. डिझेलची टाकी असल्यास नॅफ्थलीन आणि डिझेलवर्गीय हायड्रोकार्बनही जोडावेत. बेंझीन कर्करोगकारक असून पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पंप अलीकडे बंद झाला असेल तर पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार करावा, कारण जंतू आधी इथेनॉल खातात, प्राणवायू त्यातच संपतो आणि बेंझीन जास्त काळ टिकून दूरवर जाते. नमुन्यांची पहिली फेरी मे महिन्यात झाली असेल तर ती पावसाळ्यानंतर पुन्हा करावी. पातळी चढली की खडकात अडकलेले इंधन पाण्यात येते आणि आकडे बदलतात.

पहिल्या फेरीत बेंझीन आढळले तर दुसऱ्या फेरीची वाट न पाहता ते बोरिंग पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि अंघोळीसाठी बंद करावे. पाणी उकळून प्रश्न सुटत नाही, उलट बेंझीनची वाफ घरात पसरते. मध्यप्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि महानगरपालिकेकडे लेखी कळवताना विहिरींचा नकाशा, पातळ्यांचा तक्ता, नमुना कोणी, केव्हा आणि कसा घेतला याची नोंद व मूळ अहवाल जोडावेत. प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले आहेत, त्यांचा उल्लेखही त्या पत्रात करावा.