लेथची थरथर कशी थांबली

तान्हा पोळा जवळ आला की नागपुरात लाकडी नंदीची मागणी वाढते. नंदीचे सागवानी पाय लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून गोल कापायच्या मशीनवर, काढताना ते थरथरायचं. बेअरिंगची शंका होती, पण तपासलं तर स्टँडचा एक पायच फरशीला टेकत नव्हता. खाली प्लायची पट्टी दिली, खालच्या फळीवर वाळूच्या गोण्या ठेवल्या. निम्मी थरथर तिथेच गेली.

उरलेली लाकडाच्या तुकड्यात होती. दोन्ही टोकांना कर्ण आखून नेमका मध्य काढला, चौकोनी तुकड्याचे कोपरे रंध्याने उतरवले, टेलस्टॉक (तुकड्याचं दुसरं टोक धरणारा भाग) दाबून लॉक केला. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आधार, लाकडापासून साधारण ३ मिमी दूर. आता स्विच लावण्याआधी तुकडा हाताने पूर्ण फिरवायचा. कोपरा रेस्टला घासत असेल तर इथेच कळतं. ही पायरी मी कुणालाही गाळू देत नाही. रेस्ट सरकवायचा तो मशीन बंद करूनच.

सुरुवात सगळ्यात कमी वेगाने, तुकडा गोल झाल्यावर वाढवा. सुरू करताना त्याच्या रेषेत उभे राहू नका. फेस शील्ड हवंच, साधा चष्मा पुरत नाही. आणि नागपूरच्या उन्हासाठी बांधलेला दुपट्टा, हातमोजे मशीनजवळ जाण्याआधी काढून ठेवा.