कोकणात सौर उष्णता साठवून स्वयंपाक: या चुका टाळा

किनाऱ्यावरच्या घरात काचेच्या सौरपेटीत दिवसा दगड तापवून उष्णता साठवायची आणि तिच्यावर संध्याकाळी भात शिजवण्याचा बेत फसला की दोष उन्हाला दिला जातो. माझ्या अनुभवात मात्र उष्णता खाऊन टाकणारी खरी गोष्ट ओलावा ही आहे.

सर्वांत महागात पडते ती अंगणाच्या कडेला पडलेला जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, साठवणीसाठी वापरण्याची चूक. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवतो, आणि एक किलो पाण्याची वाफ होण्यातच सुमारे २२६० किलोज्यूल खर्ची पडतात. दोन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेमतेम ५८५ किलोज्यूल पुरतात, हे लक्षात घेतले की नुकसान किती ते कळते. त्याऐवजी घट्ट काळा दगड घ्यावा. १४० अंशांवरून ११० पर्यंत निवताना तो किलोमागे सुमारे २५ किलोज्यूल देतो. म्हणून तेवढ्या पाण्यासाठी हिशेबाने २४ किलो, आणि गळती धरता ४० किलो तरी दगड हवा. दगडाऐवजी पाणी तापवून ठेवावे म्हटले, तर उघड्या टाकीतले पाणी १०० अंशांच्या वर चढत नसल्यामुळे उकळी आणण्याच्या कामी त्याची साठवण निरुपयोगी ठरते.

उष्णता अडवण्यासाठी पेटीच्या भिंतींत भरलेल्या काथ्याचेही तेच. गेल्या ऑक्टोबरात मी पेटीची मागची फळी काढली, तेव्हा वरून कोरडा दिसणारा काथ्या मुठीत दाबताच बोटांमधून पाणी ओघळले. भिजलेला थर उष्णता अडवत नाही, उलट बाहेर नेतो. ऊन चढल्यावरही काचेच्या आतल्या बाजूला दव टिकून राहिले, तर आत ओल आहे असे समजावे आणि आधी सांधे तपासावेत.

देशावर उत्तम चालणारी अन्वस्त तबकडी, म्हणजे किरण एका जागी आणणारा खोलगट आरसा, इथे अनेकदा निराश करते, कारण आरसा फक्त थेट किरण एकवटतो आणि दमट हवेत विखुरलेला प्रकाश त्याच्या हाती लागत नाही. काचेच्या पेटीला हा विखुरलेला प्रकाश बराचसा उपयोगी पडतो. रत्नागिरी १७ अक्षांशावर असल्याने काच दक्षिणेकडे साधारण तेवढीच कलती ठेवावी, आणि डिसेंबरात माडांची सावली कुठवर येते ते आधी पाहावे.

ऊन पेटीत वळवणाऱ्या अॅल्युमिनिअमच्या परावर्तकाला लोखंडी खिळे मारू नयेत, खाऱ्या हवेत दोन धातूंच्या सांध्यापाशीच तो झिजतो. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांबरोबर दगड बाहेर काढून कडक उन्हात वाळवावेत आणि पेटीसह माळ्यावर ठेवावेत.